फळाखालचा केक ओला राहतो आणि मध्ये बसतो: कोणत्या क्रमाने काय तपासायचं

आधी लक्षणं

ओव्हनच्या काचेतून बघताना सगळं छान दिसतं. छोटे केक टम्म फुगलेले, वरची द्राक्षं चकाकत असलेली. बाहेर काढून दहा मिनिटं झाली की मधला भाग हळूहळू खाली जातो. कागद सोलून केक कापला की कडा जाळीदार आणि हलक्या, पण फळाच्या बरोबर खाली पिवळट, काचेसारखा दिसणारा, बोटाला चिकटणारा थर. खाताना पिठूळ लागतो. वरून साखर भुरभुरून झाकता येतं, पण पहिल्या घासाला कळतंच.

हे एकच दुखणं वाटतं, प्रत्यक्षात पाच वेगवेगळी असतात. तुमचं कोणतं ते आधी ओळखा:

– फळ पार तळाला जाऊन बसलंय, वर फक्त खड्डा.
– फळ वरच आहे, पण त्याच्याखाली गिच्च थर.
– पहिली खेप चांगली झाली, दुसरी बसली.
– संध्याकाळी चांगला होता, सकाळी डबा उघडला तर ओला.
– फळ असो-नसो, मध्ये कच्चाच राहतो.

नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल घराघरांत द्राक्षांच्या पेट्या येतात. खाऊन उरलेली द्राक्षं केकवर जातात आणि मग मला फोन सुरू होतात. माझ्या जावेकडे, शेजारच्या काकूंकडे, भाचीच्या सिडकोतल्या घरी, स्वतःच्या ओट्यावर, असं कित्येकदा हे दुखणं निस्तरून झालंय. दर वेळी समोरची व्यक्ती आधी रेसिपी बदलून बसलेली असते. रेसिपी सगळ्यात शेवटी बदला. पुढचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जातो. मी सांगितल्याशिवाय मधलं काही गाळू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि केक सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही.

सहावा कप बिनफळाचा

सहा कप भाजत असाल तर पाचांवर फळ ठेवा आणि सहावा तसाच ठेवा. मिश्रण तेच, कप तोच, वेळ तीच. मी गेली कित्येक वर्षं एकही खेप याशिवाय लावत नाही.

निघाल्यावर सहावा केक मधोमध कापून बघा. तो आतून कोरडा, जाळीदार असेल तर तुमचं मिश्रण ठीक आहे, ओव्हनही ठीक आहे, गडबड फळात आहे. मग फळाच्या तपासण्या संपेपर्यंत तरी तुम्हाला ओव्हनकडे बघायची गरज नाही. सहावाही मध्ये ओला असेल तर फळाला दोष देऊ नका, सरळ दह्याच्या आणि ओव्हनच्या तपासणीकडे जा. या एका कपाने निम्मी शोधाशोध वाचते.

आधी नुसतं थांबून बघा

केक साच्यात पाच मिनिटं राहू द्या, मग काढून जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर पापड भाजायची जाळीही चालते. साच्यातच अर्धा तास राहिला तर बाहेर पडू पाहणारी वाफ तळाला पाणी होऊन केकात परत मुरते. आणि गरम असताना कापू नका. गरम केक आतून ओलसर दिसतोच, त्यावरून काही ठरवता येत नाही. पूर्ण निवायला छोट्या केकांना साधारण तास लागतो.

‘काल चांगला होता’ हे लक्षण असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. कोमट केक स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावलं की रात्रभर झाकणाखाली थेंब जमतात आणि केकवर पडतात. फळातलं पाणीही हळूहळू कोरड्या केकात उतरतं, ते पूर्ण थांबवता येत नाही. म्हणून फळ लावलेले केक त्याच दिवशी संपवायचे. पावसाळ्यात तर मी उरलेले सरळ फ्रिजमध्ये ठेवते आणि खाण्याआधी थोडे गरम करते.

केक झाला का बघायला काडी कुठे टोचता तेही बघा. फळात गेलेली काडी नेहमी ओली निघते, आणि कडेला टोचलेली नेहमी कोरडी. दोन फळांच्या मधल्या जागेत, तिरकी, मध्याकडे टोचा.

फळ

इथे मी सविस्तर लिहिते, कारण दहातल्या सहा-सात घरांत मला कारण इथेच सापडलंय.

केक घट्ट होतो म्हणजे काय होतं? मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, अंडं असेल तर तेही घट्ट होतं, आणि आतले बुडबुडे जागच्या जागी पकडले जातात. फळ तापलं की त्याचं पाणी सुटतं. ते शेजारच्या मिश्रणात उतरलं की तेवढ्या जागेचं प्रमाणच बिघडतं, शिवाय पाण्याची वाफ होण्यात बरीच उष्णता खर्ची पडते. कडा भाजून तयार होते तेव्हा फळाखालचा भाग मागेच राहिलेला असतो. द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, स्ट्रॉबेरीत नव्वदच्या वर. तुम्ही केकवर पाण्याचे गोळेच ठेवताय असं समजा.

पहिली गोष्ट, फळ फ्रिजमधून काढून लगेच ठेवलं होतं का? गार फळ खालचं मिश्रण गार धरून ठेवतं. तासभर आधी बाहेर काढा.

दुसरी, फळ खरंच कोरडं होतं का? द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुऊन चाळणीत निथळली म्हणजे कोरडी झाली, असं नाही. देठ तोडला की तिथे बारीक खळी राहते आणि तिच्यात पाणी अडकतं. धुवायचं देठासकट, मग सुती पंचावर पसरून पंख्याखाली ठेवायचं, आणि देठ अगदी शेवटी काढायचा. एवढ्या एका बदलाने शेजारच्या काकूंचे केक सुधारले होते.

तिसरी, किती फळ ठेवलं? साधारण ५० ग्रॅम मिश्रणाच्या कपावर १५ ग्रॅम फळ, त्याहून जास्त नाही. म्हणजे मध्यम आकाराची तीन द्राक्षं. फोटोसाठी सात-आठ द्राक्षं दाटीवाटीने रचली तर वाफेला वर जायला वाटच उरत नाही. फळांच्या मधे मिश्रण दिसलं पाहिजे.

चौथी, कापलेली बाजू कुठे? द्राक्ष अर्धं करून कापलेली बाजू वर ठेवा, साल खाली. साल पाणी अडवते आणि वरच्या उघड्या बाजूने रस ओव्हनच्या हवेत उडून जातो. उलटं ठेवलं तर सगळा रस मिश्रणात. अख्खं द्राक्ष तर ठेवूच नका. ते आत शिजतं, फुटतं आणि एकदम सगळं पाणी सोडतं. लांबट सोनाका असो, थॉमसन असो की काळी शरद, माझा नियम तोच.

स्ट्रॉबेरीचं गणित वेगळं आहे. हिवाळ्यात सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी येते, सापुताऱ्याच्या रस्त्याला बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. चवीला सुरेख, पण केकवर कच्ची ठेवली की हमखास थर. ती चार तुकडे करून, शंभर ग्रॅमला चमचाभर साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवा. खाली जो रस जमतो तो एरवी तुमच्या केकात गेला असता. तो टाकू नका, छोट्या कढईत आटवा आणि भाजून झालेल्या केकवर ब्रशने लावा. चकाकी येते आणि चवही वाया जात नाही.

डाळिंबाचे दाणे भाजू नयेत. बिया कडक होतात आणि रंग तपकिरी पडतो. निवलेल्या केकवर वरून घाला. हापूसही मी भाजत नाही. भाजलेल्या हापूसला त्याचा वास राहत नाही आणि पाणी मात्र भरपूर सुटतं. साधा केक भाजून, थोडं लोणी-साखर किंवा घट्ट चक्का लावून वर आंब्याच्या फोडी ठेवणं केव्हाही चांगलं.

फळाला मैदा लावला की ते बुडत नाही, असं सगळीकडे सांगितलं जातं. माझा अनुभव असा की त्याने वरचा ओलसरपणा थोडा टिपला जातो, एवढंच. मिश्रण पातळ असेल तर मैदा लावलेलं फळही बुडतंच. त्यापेक्षा फळाखाली पाव चमचा भाजलेला बारीक रवा किंवा टोस्टचा चुरा भुरभुरा. तो पाणी पितो आणि खाताना जाणवतही नाही.

दही आणि मिश्रणाचा दाटपणा

फळ तळाला जात असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच. आमच्याकडे बहुतेक घरांत अंड्याशिवाय, दह्याचा केक होतो, आणि दही रोज सारखं नसतं. म्हशीच्या दुधाचं घट्ट, गाईच्या दुधाचं सैल, दोन दिवसांचं असेल तर वर पाणी सुटलेलं. रेसिपीत ‘एक वाटी दही’ म्हटलं की त्या वाटीत नेमकं पाणी किती, ते कोणालाच माहीत नसतं.

दही पातळ फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेवा. चक्क्याइतकं कोरडं करायचं नाही, नुसतं सुटं पाणी गेलं पाहिजे. मग वजनावर घ्या. माझं सहा कपांचं प्रमाण असं: मैदा ९० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, निथळलेलं दही ११० ग्रॅम, तेल ५० ग्रॅम, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. चमच्यातून मिश्रण एकसंध धारेने ओघळू नये, जाड गोळ्यासारखं सुटून पडावं. धार लागली तर चमचाभर मैदा वाढवा आणि पुढच्या वेळी दही जास्त निथळा.

वाटीने मोजत असाल तर छोटा वजनकाटा घ्या, या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी खर्च तोच आहे. खच्चून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीत मैद्याचं वजन खूपच वेगळं भरतं.

कप दोनतृतीयांशच भरा. स्टीलच्या वाट्या वापरत असाल तरी चालेल, पण सगळ्या एकाच आकाराच्या घ्या, नाहीतर लहान वाटी करपेल आणि मोठी कच्ची राहील. सिलिकॉनच्या साच्यात तळ उशिरा भाजतो. भांडी बाजारात अॅल्युमिनियमचे कप सुटे मिळतात, मला तेच बरे वाटतात.

पावडर, सोडा आणि दुसरी खेप

अर्धा चमचा बेकिंग पावडर पाव वाटी कढत पाण्यात टाका. लगेच जोरात फसफसली पाहिजे. सोड्यावर दोन थेंब लिंबू पिळून तेच बघा. पावसाळ्यात उघडझाप केलेला डबा चार-सहा महिन्यांत मंदावतो, तारीख शिल्लक असली तरी. मंद पावडरने वर येणारे केक अर्ध्यातच थांबतात आणि फळाचं वजन त्यांना खाली ढकलतं.

उलट चूकही होते. केक बसतो म्हणून सोडा दुप्पट घालतात. मग तो झपाट्याने फुगतो, भिंती तयार व्हायच्या आधीच फुटतो आणि आणखी खोल बसतो. शिवाय साबणासारखी चव येते.

दुसरी खेप बसत असेल तर कारण उघड आहे. दही आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. पहिली खेप भाजेपर्यंत ओट्यावर वाट बघणाऱ्या मिश्रणातून तो वीस-पंचवीस मिनिटांत निघून जातो. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात ठेवा आणि ज्या सहा कपांची पाळी आहे तेवढंच कालवा.

नाशिक उंचावर आहे म्हणून केक बसतो, असंही कोणी कोणी सांगतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उंचीसाठी प्रमाण बदलायची गरज साधारण ९०० मीटरच्या पुढे लागते. तेव्हा ते कारण डोक्यातून काढून टाका.

ओव्हन

इथपर्यंत येऊनही सहावा, बिनफळाचा कप ओला निघत असेल, तरच ओव्हनकडे या.

कप कशावर ठेवता? ओटीजीबरोबर, म्हणजे वर-खाली तापणाऱ्या रॉडच्या छोट्या ओव्हनबरोबर, पत्र्याचा सपाट ट्रे येतो, बरेच जण त्यावरच कप मांडतात. खालच्या रॉडची उष्णता तो ट्रे अडवतो. कप जाळीवर ठेवा, मधल्या खाचेत, एकमेकांपासून दोन बोटं अंतरावर. खालचा आणि वरचा, दोन्ही रॉड चालू हवेत, आणि प्रीहीट, म्हणजे रिकामा ओव्हन आधी तापवणं, किमान दहा ते पंधरा मिनिटं. १७५ अंशांवर छोट्या केकांना १८ ते २२ मिनिटं लागतात. पहिली बारा मिनिटं दार उघडू नका, गार हवा शिरली की अर्धवट उभ्या भिंती कोसळतात.

मग साखरेची परीक्षा. साखर साधारण १८६ अंशांच्या आसपास वितळते. अॅल्युमिनियम फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घाला, ओव्हन १७५ वर तापवून पंधरा मिनिटं आत ठेवा. साखर कोरडीच राहिली पाहिजे. मग काटा १९५ वर नेऊन आणखी पंधरा मिनिटं ठेवा. आता वितळली पाहिजे. १७५ लाच वितळली तर ओव्हन सांगतो त्याहून गरम आहे: वरची साल लवकर धरते, फळ करपतं, आत कच्चं. १९५ लाही तशीच राहिली तर ओव्हन थंड आहे: मिश्रण धरायच्या आधीच फळ पाणी सोडून मोकळं होतं. वितळलेली साखर भयंकर भाजते, पूर्ण निवल्याशिवाय हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा.

फरक दहा-वीस अंशांचा असेल तर काटा तेवढा मागेपुढे करून काम भागतं. ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घेतला तर अंदाज करावा लागत नाही.

भाचीकडची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिने पाच वेळा रेसिपी बदलली, दही बदललं, द्राक्षंही बदलली. मी गेले तेव्हा नुसता बिनफळाचा केक भाजला. वर सोनेरी, तळ पांढराफटक. दिवा बंद करून काचेतून बघितलं तर वरचे रॉड लालभडक आणि खालच्या दोन्हींपैकी एकच तापत होता. रेसिपी पहिल्यापासून बरोबर होती. ती पोर दोन महिने स्वतःला बोल लावत होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्या गोष्टींत घरी काही करून बघू नका.

रॉड तापत नाही, एकच बाजू तापते, किंवा काटा कुठेही फिरवला तरी ओव्हन सारखाच तापतो. म्हणजे रॉड किंवा तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट गेला. हे कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याचं काम. वॉरंटी असेल तर स्क्रूला हातही लावू नका.

ओव्हनच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नका. अर्थिंग नसेल किंवा आतली वायर पत्र्याला टेकली असेल, दोन्ही जिवावरचं आहे.

प्लग गरम होतो, वितळल्याचा वास येतो, किंवा ओव्हन लावला की एमसीबी (मीटरजवळचा आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर किंवा लांबलचक एक्स्टेन्शनवर चालवायचा नाही. १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी वायर इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्याचं कव्हर कोणत्याही कारणाने उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विजेचा दाब शिल्लक राहू शकतो.

आणि अंडं घातलेला केक मध्ये कच्चा निघाला तर मुलांना ‘कडेकडेचं खा’ म्हणून देऊ नका. गरम असतानाच लक्षात आलं तर १६० अंशांवर सहा-आठ मिनिटं परत ठेवता येतो. निवून गेला असेल तर टाकून द्या.

दुरुस्तीला माणूस येणार असेल त्या दिवशी सकाळी बिनफळाचा एक कप भाजून ठेवा आणि त्याच्यासमोर उभा कापा. ‘केक नीट होत नाही’ एवढंच सांगितलं तर तो काटा फिरवून, चालू आहे म्हणून निघून जातो. तळ पांढरा आणि माथा लाल असा केक हातात दिला की तो आधी खालचा रॉड तपासतो.